पलीकडचा किनारा

तोराजीने तिसऱ्यांदा बंदूक खाली ठेवली आणि पडद्यातून दिग्दर्शिकेकडे पाहिले.

“बाई, हे माझ्याने व्हायचं नाही.”

इरावती सोहनीने कपाळ चोळले. संध्याकाळी तिच्या चित्रमालिकेचा शेवटचा भाग दाखवायचा होता. “अरे, तू भाडोत्री लढवय्या. या मालिकेतून त्या मालिकेत हिंडतोस, सांगतील त्याला मारतोस. आजच कसली दया आली?”

“ती सगळी नुसती चित्रं होती. हे काका विचार करतात, माझ्यासारखे.”

ते खरेच होते. संवाद जिवंत वाटावेत म्हणून तिनेच या म्हाताऱ्या नावाड्याला मन दिले होते. गोळी लागली की तो कायमचा पुसला जाणार होता. शनीच्या चंद्रावरच्या काळ्या समुद्रात, होडीत वल्हे धरून तो बसला होता.

“काम सोडून गेलास तर पुन्हा कोणी बोलावणार नाही,” ती म्हणाली. “आणि बिनकामाच्या पात्राचं काय करतात, ठाऊक आहे ना?”

“पुसतात.” तोराजी होडीत चढला. “काका, सरका थोडे. वल्हं द्या इकडे. तुमच्या वेगाने मी म्हातारा होईन.”

“चित्राला कसलं रे वय?” नावाडी हसला.

होडी निघाली. तोराजीने एकदाही मागे पाहिले नाही. हा नायक आपण घडवलेला नाही, तो आपला आपणच घडला, हे इरावतीला कळत होते.

पुढे समुद्र संपत आला होता आणि त्यापलीकडे कोरा पांढरा पडदा होता. इरावतीने लेखणी उचलली आणि घाईघाईने किनारा काढायला घेतला.