कैचीचा तिसरा कोपरा

"बसंनाच की ओ!" हनुमंतभाऊंनी वरची कैची चौथ्यांदा फिरवली. छपराच्या दोन लोखंडी कैच्या, तिकोनी, एक पाख, म्हणजे उतार, लांब नि एक आखूड. एकीवर एक ठेवलेल्या. लाल रंगाची बाजू वर ठेवून इकडून सरकवली, तिकडून सरकवली, तरी तिसरा कोपरा आपला बाहेरच.

हनुमंतभाऊंच्या लोणीतल्या कांदाचाळीला अशा बारा कैच्या हव्या होत्या. नवरा गेल्यावर वर्षभर बंद पडलेलं वर्कशॉप निर्मलानं उघडलं, चाळिशीत वेल्डिंग शिकली, आणि हे पहिलंच काम. हे हातचं गेलं तर शटर कायमचं खाली.

"वयनी, मी कवापासनं सांगतोय," दीर सोमाजी दारातूनच बोलला. "ब्लाउज शिवत व्हता तेच बरं व्हतं. लोखंड म्हंजी काय अस्तर हाय व्हय?"

जमलेली चार माणसं फिदीफिदी हसली. निर्मलाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण तोंड उघडण्याआधी तिनं टेप उघडली. खालची कैची: बारा फूट, नऊ फूट, पाच फूट. वरची: बारा, नऊ, पाच. सुताचाही फरक नाही.

"माप बरोबर असंल, पर कोन चुकलाय," हनुमंतभाऊ म्हणाले.

"तिन्ही बाजू सारख्या असल्यावर कोन कुठं पळून जातोय, भाऊ?"

म्हणता म्हणता तिची नजर लाल रंगावर गेली आणि तिला एकदम हसूच फुटलं. घाईघाईत दुसऱ्या कैचीला तिनं भलत्याच बाजूनं रंग दिला होता!

"उलथी करा."

"अवो, पर रंग खाली जाईल..." हनुमंतभाऊ म्हणाले.

"रंग जाऊ द्या मसणात! उलथी करा."

जमलेल्यांतल्या दोघांनी वरची कैची उचलून पालथी घातली. खण्णकन बसली. निर्मलानं कोपऱ्यातल्या भोकात बोल्ट सोडला, तो दोन्ही कैच्यांतून थेट जमिनीला टेकला. दुसऱ्या कोपऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच.

"आता बाकीच्या धा अशाच करा," हनुमंतभाऊ खूश होऊन म्हणाले. "पर तुमाला हे सुचलं कसं?"

निर्मलानं दाराकडं बघून उत्तर दिलं.

"ब्लाउज शिवूनच की, भावजी. उजवी बाही उलटी घातली की डावीवर बसती."