पिळाचा पाव

अधिकाऱ्याने फाइल काउंटरवर ठेवली तशी मालकीणबाईंनी ती पुन्हा उचलली, खालचं पीठ फडक्याने पुसलं आणि मग जागेवर ठेवली. आज त्या फाइलला डाग लागून चालणार नव्हतं.

रस्ता रुंद व्हायचा होता आणि कोपऱ्यावरची ही बेकरी नेमकी आड येत होती. पत्ता सांगताना लोक अजूनही ‘पाववाल्याच्या कोपऱ्यावरून वळा’ म्हणत, पण तेवढ्याने ती वाचणार नव्हती. बाहेरून आलेल्या माणसांनी आपल्या मुलखातून सोबत आणलेली कला जिथे टिकून आहे, ती जागा पाडायची नाही, असा नियम होता. कला इथेच जन्मलेली असली, तर बुलडोझर.

आणलेलीच आहे, हे बाई कळायला लागल्यापासून ऐकत आल्या होत्या. आजोबा बोटीतून उतरले तेव्हा अंगावरचे कपडे आणि हातातली कला, एवढीच त्यांची इस्टेट. तीन पेडांची वेणी घालून भाजलेला असला पाव शहरात दुसरं कुणी करत नसे. बाईंचा नवरा तीस वर्षं झटत होता, पण त्याचा पाव अजूनही सुटलेल्या नाडीसारखा दिसायचा.

पुराव्याच्या नावाने मात्र आनंद होता. आजोबांनी कागदाचा कपटाही मागे ठेवला नव्हता. शोधून शोधून बाईंच्या चपला झिजल्या, तेव्हा आजोबांच्याच गावचे एक म्हातारे गृहस्थ इथे लेकीकडे राहायला आल्याचं कळलं. पिळाचा पाव तुमच्या गावात मिळतो का, एवढंच बाईंनी त्यांना विचारलं. ते ‘हो’ म्हणाले आणि बाईंना असं रडू फुटलं की पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

आता ते स्टुलावर बसून पाव खात होते. तोडून नव्हे, एकेक पेड उलगडत, सावकाश. आजोबा असेच खायचे. बाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

“तुमच्या गावात असाच करतात?” अधिकाऱ्याने विचारलं.

“अगदी असाच. पोरवयापासून खातोय. हवं तर शपथ घेतो.”

अधिकारी हसला. त्याने खिशातून पेन काढलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी दोघांसाठी सहा-सहा पाव बांधायला घेतले.

“एकच रकाना उरलाय,” सहीच्या जागी पेन टेकवताना अधिकारी म्हणाला. “तिकडे याला नाव काय आहे?”

इतका वेळ मोजकं बोलणाऱ्या गृहस्थांचा चेहरा खुलला.

“तुमच्या या शहराचंच नाव आहे की त्याला. मी लहान असताना इथून परत आलेल्या एकाने आमच्याकडे भट्टी घातली. तोवर आमच्या गावात कुणी पाव पाहिलासुद्धा नव्हता.”