चौकटीतलं फडकं

“माणूस परवा गेला आणि ‘अखेरचं प्रदर्शन’ची पत्रकं आज छापून तयार? तुमच्या छापखान्याला आधीच स्वप्न पडलं होतं वाटतं,” टाचणी म्हणाली.

गॅलरीच्या मालकानं पत्रकांचा गठ्ठा मागे सरकवला. “बाई, हृदयविकार होता. उगाच राईचा पर्वत करू नका.”

“राई नाही हो. विष.”

मालकाचा चेहरा खर्रकन उतरला. टाचणीनं तो नीट बघून घेतला.

गुन्ह्यांच्या बातम्या लिहिता लिहिता तिच्या जिभेला टोक आलं होतं. कचेरीनं तिला हे नाव दिलं ते त्यावरून. आज मात्र विनोदाखाली तिचा जीव जळत होता. चित्रकार तिचा मानलेला मामा. तिचे वडील गेल्यावर शेजारच्या या तिरसट माणसानं तिला शिव्या देत देत शिकवलं होतं. आणि या मालकानं त्याचा अंत्यविधी घाईघाईनं उरकायचा घाट घातला होता! तिनं इन्स्पेक्टरला गाठून तो थांबवला म्हणून शवविच्छेदन तरी झालं.

ते करणारी डॉक्टर तिची वर्गमैत्रीण. सकाळी तिनं टाचणीला कोपऱ्यात ओढलं होतं.

“कुंचल्याला टोक आणायला तो ओठांत धरायचा ना? कुणीतरी रंगात विष कालवलंय. निळ्या नळीत. बाकी सगळ्या नळ्या स्वच्छ आहेत.”

“निळ्या? मामा जन्मभर लालात बुडालेला!”

“हल्ली दार लावून समुद्र काढत होता. निळ्याचं हे छापू नकोस हं. इन्स्पेक्टर, मी, तू, आणि ज्यानं कालवलं तो. पाचव्या कानाला कळता कामा नये.”

कचेरीत येऊन टाचणीनं पर्स टेबलावर आदळली. “सर, त्या मालकाला मी सोडणार नाही.”

“मुळीच सोडू नकोस,” वृत्तसंपादक म्हणाले. “मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस तो.”

सर पूर्वी कलासमीक्षक होते. मामानं एकदा कुंचले पुसायचं फडकं चौकटीत घालून प्रदर्शनात टांगलं. सरांनी त्यावर ‘वेदनेचा तळ’ असा भलामोठा लेख लिहिला. मग मामानं भर सभेत फडक्याची जन्मकथा सांगितली. सगळं शहर पोट धरून हसलं आणि सरांचा स्तंभ बंद झाला.

“माझा तळ तेव्हाच दिसला,” सर ही गोष्ट स्वतःच हसत सांगत. “त्यानंतर त्याचा उंबरठा काही चढलो नाही. पण तू रागानं लिहू नकोस, बयो. तपशिलानं लिही.”

तपशील हा सरांचा देव. कालच अपघाताच्या बातमीवरून त्यांनी तिला फैलावर घेतलं होतं. “‘छत्री सापडली’ म्हणजे काय? छत्रीला रंग नव्हता?”

टाचणीनं बातमी लिहिली, दात-ओठ खात लिहिली. मालकाची पत्रकं, मालकाची घाई, मालकाचा उतरलेला चेहरा. मैत्रिणीला दिलेला शब्द पाळून विषाबद्दल एकच वाक्य: ‘चित्रकाराच्या रंगात विष कालवलेलं होतं.’ ही बातमी आली की मालकाला उचलायचं, असं इन्स्पेक्टरनं ठरवलं होतं.

सरांनी बातमी वाचून पानावर सोडली आणि चष्मा पुसला. “शाबास. कुठं हात लावायला जागा नाही. एके ठिकाणी जरा मोघम होतं, ते नीट केलंय.”

“मालकाच्या नावापाशी?”

“छे, तो तर सुटायचा नाही आता.”

पान छपाईला जाण्याआधी नजर टाकावी म्हणून टाचणीनं ते उघडलं. मथळा ठसठशीत होता. मालकाचा फोटोही होता. ती वाचत वाचत विषाच्या वाक्यापाशी आली. सरांनी त्यात एकच शब्द घातला होता.

‘चित्रकाराच्या निळ्या रंगात विष कालवलेलं होतं.’