भांड्यांचं कपाट

गाण्याचे पहिले दोन सूर वाजले आणि मास्तरांनी हात लांब करून गाडीतला रेडिओ बंद केला.

"अहो, राहू द्या की," स्टिअरिंगला लटकल्यासारख्या बसलेल्या नर्सबाई म्हणाल्या. पन्नाशीत त्यांना गाडी शिकायची हौस आली होती. "त्या नावाजलेल्या बँडची पहिली तबकडी आहे ही. आता पुन्हा बाजारात आणलीय. तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली, आता म्हणतात, एवढी काही वाईट नव्हती."

"समोर बघा. आणि क्लच एकदम सोडू नका."

मास्तरांचे कान तापले होते. गाडी शिकवणाऱ्या या माणसाने त्या तबकडीसाठी ड्रम वाजवले होते, हे त्यांच्या एकाही शिकाऊला ठाऊक नव्हतं. बँड जगभर गाजला तो पुढच्या तबकड्यांमुळे, आणि दुसऱ्या ड्रमवाल्यासोबत. त्या आधीच्या दिवसांत बँडमधले सगळे मास्तरांना ठोक्या म्हणत. आता ते नाव कुणी घेत नसे.

रेकॉर्डिंग संपलं त्या दिवशी ठोक्या शीळ घालत घरी गेला होता. जन्मात असा हात चालला नव्हता, असं त्याला वाटलं होतं. मग तबकडी आली आणि त्याच आठवड्यात एका समीक्षकाने लिहिलं, 'गाणी ठीक. ड्रम मात्र जिन्यावरून भांड्यांचं कपाट गडगडत यावं तसे.' ते वाक्य तबकडीपेक्षा जास्त खपलं. केस कापणाऱ्यापासून सख्ख्या मामापर्यंत सगळ्यांनी ते त्याला हसत हसत ऐकवलं. ठोक्याने आपली तबकडी पाकीटही न फोडता कचऱ्यात टाकली. हात बेताल निघाला ते निघालाच, पण कानानेही दगा दिला, याची त्याला जास्त लाज वाटली.

मग तो बाकीच्या तिघांसमोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले. म्हणाला, "माझ्यापायी तुमचं वाटोळं नको. दुसरा कुणी बघा." गिटारवाला लंबू त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "होतं रे असं कधी कधी."

त्याने ड्रम विकून टाकले. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. शाळेत असताना मुलीने ड्रम शिकायचा हट्ट धरला, तेव्हा तो म्हणाला, "आपल्या रक्तात ताल नाही, बाळ. लोक हसतील." पोर दोन दिवस रुसली आणि मग विसरली. तो मात्र विसरला नाही.

आज नर्सबाईंना सोडून तो घरी आला, तर दिवाणखान्यात लंबू बसलेला. केस पांढरेशुभ्र झालेले, पण बसल्यावर गुडघे अजून टेबलाला अडत होते. बायको त्याला चहा देत होती. एवढा नावाजलेला माणूस आपल्या खुर्चीत पाहून ठोक्या चपला काढायलाच विसरला.

"वहिनींना त्रास दिला," लंबू म्हणाला. "अरे, तबकडी पुन्हा निघाली, त्याचा सोहळा आहे. तुलाही बोलावणं येईल. पण माझं ऐक, येऊ नकोस. पत्रकार जुनं उकरून काढतील."

"मी कशाला येतोय तोंड दाखवायला!"

"आणि हे नवं ऐकूही नकोस. इतकं साफ केलंय की एकेक ठोका सुटा ऐकू येतो. उगाच जिवाला लागेल तुझ्या."

ठोक्याला भरून आलं. एवढी कामं सोडून हा माणूस आपलं मन राखायला आला! मुलगी आतून येऊन दारात उभी होती, तिच्यादेखत तो म्हणाला, "मी तुम्हाला बुडवणारच होतो. तरी तुम्ही एका शब्दाने दुखवलं नाहीत. आज पुन्हा माफी मागतो."

"जाऊ दे रे," लंबू कपात बघत म्हणाला.

"पुरे झालं हे!" बायको उसळली. "लग्न झाल्यापासून बघतेय. ते गाणं लागलं की हे उठून गच्चीत. अहो, कपाट तर कपाट! एकदा ऐका, पोटभर हसू आणि मोकळे होऊ."

"बाबा, रागावू नका," मुलगी हळूच म्हणाली. "मी आणलीय ती तबकडी."

लंबूने अर्धा चहा तसाच ठेवला. "मला निघायला हवं. खाली गाडी थांबलीय."

पण तो दाराशी पोचेपर्यंत मुलीने तबकडीवर सुई टेकवली होती.

आधी नुसती गिटार वाजली. मग ड्रम आले. समीक्षकाने एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. ठोके मागे रेंगाळत होते, मग धावत येऊन गाण्याला गाठत होते, आणि गाठताना एखाददुसरा सांडत होता. बायकोने हसू दाबायला पदर तोंडाशी नेला. ठोक्याने मान खाली घातली. लेकीकडे बघायची त्याची हिंमत होईना.

गाणं पुढे सरकलं. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर हलू लागली. आधी दबकत, मग ठाम. रेकॉर्डिंगच्या दिवशीचाच बोटांतला ठेका गिटारला बिलगून चालला होता; तबकडीवरचा भलतीकडेच धडपडत होता. बायकोचं हसू थांबलं. मुलगी त्याच्या बोटांकडे टक लावून बघू लागली.

त्याने सावकाश मान वर केली. लंबू दारात वाकून बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली होती, तरी तो वर बघत नव्हता.

"लंबू," ठोक्या म्हणाला, "हे वाजवतंय कोण?"