अपवर्तन दोष

“काय लिखेल शे?” उदेसिंगने विचारलं, म्हणून सुनिताने डोळे तपासणीच्या शिबिरात मिळालेल्या चिठ्ठीची पहिली ओळ वाचली, “अपवर्तन दोष : नाही.” आणि लगेच जीभ चावली.

“नही शे?” उदेसिंग बाकावरून उठलाच.

“बा, थांब. पुढे अजून लिखेल शे.”

पुढचं ऐकायला तो थांबतो कशाला! सकाळी बसमध्ये सुनितानेच त्याला दहावीच्या पुस्तकातला हा शब्द शिकवला होता. उजेड पाण्यात, काचेत शिरताना वळतो. डोळ्यात तो भलताच वळला की धूसर दिसतं, तोच अपवर्तन दोष. उदेसिंग हसला होता. तापीतला मासा दिसतो तिथे नसतो, भाला खाली मारायचा, हे त्याला पुस्तकावाचून ठाऊक होतं. पण शब्दाची त्याने धास्ती घेतली. एवढा मोठा दोष आपल्याला निघू नये, म्हणून तो वाटभर देवाला विनवत होता. सुनिता मनात म्हणत होती, तोच निघू दे. चष्म्याने बरं होणारं तेवढंच होतं.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. “नस सुकली आहे. चष्म्याचा उपयोग नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब चुकवू नका, उरलेली कदाचित टिकेल. वडिलांना तूच समजावून सांग.” शाळेच्या व्हरांड्यात अजून ऐंशी माणसं रांगेत होती. डॉक्टरांचाही नाइलाज होता.

समजावून सांग म्हणे. वर्गात धडाधडा उत्तरं देणारी पोर “बा, तुन्ही नजर...” एवढंच म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. उदेसिंगला वाटलं, पोर आनंदाने रडते आहे.

“मन्हा डोयामा खोट नही शे,” तो रांगेत ज्याला त्याला सांगत सुटला. “मन्ही पोर दहावीले शे. तिनीच वाचीसन सांगं.”

शेजारच्या बाकावर रेवाबाई नावाची म्हातारी बसली होती. तिने आपली चिठ्ठी पुढे केली. “मन्हीबी वाच व माय.”

“अपवर्तन दोष : आहे,” सुनिताने हळूच वाचलं. “चष्मा देणे.”

रेवाबाईने तोंडाला पदर लावला. सुनिता तिचा हात धरून सांगत राहिली, “आजी, हाई चांगलं शे. तुले चष्मा भेटी, समदं दिसी.” म्हातारी काही केल्या ऐकेना.

उदेसिंग चाचपडत बाकापाशी आला आणि तिच्याजवळ टेकला.

“रडू नको, बहिन,” तो म्हणाला. “सगळासनं नशीब सारखं नही ऱ्हास. तुन्हं घर कोठे शे ते सांग. मी तुले हात धरीसन लई जासू.”