शिवदासची पट्टी

बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्यात बत्तीस कामगारांनी आठवडाभर मानेवर चिकटवलेल्या, घामातून शिसे आणि थायरॉइड मोजणाऱ्या पट्ट्या सिस्टरकडे जमा केल्या. एकोणीस हिरव्या होत्या, बारा पिवळ्या आणि शिवदासची लाल.

“अंगात शिसं भरलंय. त्यानं थायरॉइड बिघडतो, माणूस पेंगत राहतो. थायरॉइडचा आकडा चारच्या आत हवा,” सिस्टर म्हणाली. “आता भट्टी बंद तुम्हाला.”

शिवदासने मान खाली घातली. “ती मी लावलीच नव्हती, सिस्टर. भट्टी सुटू नये म्हणून बायकोला, कुसुमला लावली. ती तर घरीच असते.”

“तुमचे कामाचे कपडे कोण धुतं?”

“तीच. हल्ली दिवसभर पेंगते. म्हशीसारखी लोळतेस, म्हणायचो मी तिला.”

सिस्टरने नोंदीतले त्याचे नाव खोडून कुसुम लिहिले. शिसे छत्तीस. थायरॉइड चौदा.