पडेल उमेदवारांचं बेट

"आयुष्यात एकदा तरी जिंकणाऱ्याला मत द्या रे!" सोल्वायनं टेबलावर हात आपटला. कपबशा खणखणल्या आणि गावच्या सभागृहात हशा पिकला.

हसण्यासारखंच होतं. लिलहोल्म बेट ज्याला मत देतं तो पडतो, हे अख्ख्या डेन्मार्कला पाठ आहे. निळा पक्ष पडणार असला की बेट निळं. तांबडा पक्ष पडणार असला की बेट तांबडं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कोपनहेगनचे पेपर आमचे आकडे वेगळ्या चौकटीत छापतात, खाली काहीतरी खवचट लिहितात. पनवती बेट म्हणतात आम्हाला. म्हणोत बापडे.

उद्या मतदान होतं. सोल्वाय निळ्यांची उमेदवार आणि याच बेटाची लेक. या खेपेला निळेच येणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. तिची स्वतःची जागा तर पक्कीच होती. पण जिंकायची वेळ आली की जन्मगाव पाठ फिरवतं, हे तिला फार सलायचं. शेजारच्या खुर्चीत तांबड्यांचा प्रेबेन निवांत केक खात बसला होता. राज्य त्यांचं होतं, निदान उद्यापर्यंत.

"यांच्या राज्यात काय झालं ते आठवा," सोल्वाय म्हणाली. "आपली बोट बंद करायचा ठराव संसदेत कुणी आणला? या प्रेबेनरावांनी! हिवाळ्यात डॉक्टरनं काय पोहत यायचं? विरोधात बसून मी घसा फोडून भांडले, यांचे मित्रपक्ष बिचकले, म्हणून बोट राहिली."

"आणि त्याच्या आधी?" प्रेबेननं घास गिळला. "राज्य तुमचं होतं तेव्हा हाच ठराव तुम्ही आणला होतात. तेव्हा धक्क्यावर बर्फात उभं राहून बोंब कुणी मारली? मी. तू कुठं होतीस? संसदेत, ठरावाच्या बाजूनं मत देत."

"पक्षाचा आदेश होता."

"अस्सं! आणि मला काय सासऱ्याचा होता?"

आता तर लोक टेबलं बडवायला लागले. मागून आस्गर उठला. मासेमारी करतो, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "भांडायला दोघंही वाघ आहात. पण खुर्चीत बसलात की तुमच्यात फरक दाखवणाऱ्याला मी बादलीभर हेरिंग मासे फुकट देईन. ते जाऊ दे. सोल्वाय, सरळ सांग. वसंतात बोटीचा करार संपतोय. तुमचं सरकार ठराव परत आणणारच. पक्षाच्या विरोधात मत देशील?"

टेबलं बडवणारे हात थांबले. चेष्टा वेगळी आणि हे वेगळं. बोट गेली की आधी शाळा जाते, मग दुकान, मग माणसं. शेजारच्या दोन बेटांचं तसंच झालं. तिथं आता नुसती मेंढरं आहेत.

सोल्वायला खोटं बोलता आलं असतं. पोर तशी नव्हती.

"प्रयत्न करीन," ती म्हणाली.

प्रयत्न करीन म्हणजे काय, हे इथं सगळ्यांना कळतं. सोल्वायचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. कॉफीची किटली घेऊन तिची आई, थ्यूराकाकू, टेबलाटेबलांतून फिरत होत्या. सोल्वायनं त्यांच्याकडे पाहिलं.

"आई, निदान तू तरी मला मत देशील ना?"

"नाही," थ्यूराकाकू म्हणाल्या. "मी प्रेबेनला देणार."

प्रेबेनला ठसका लागला. सोल्वायचे डोळे भरून आले. एवढी मोठी बाई, संसदेत भल्याभल्यांना गप्प करणारी, पण आईनं भर सभेत नाही म्हटल्यावर लहान मुलीसारखी झाली.

"अगं, मी तुझ्या पोटची पोर! आणि तू त्या पडणाऱ्याला मत देणार? अख्खा देश हसतो आपल्याला. म्हणतो, या बेटाला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही."

"हसू दे की. पण मला एक सांग, आमचा अंदाज आजवर कधी चुकला? कोण जिंकणार हे आधी ओळखल्याशिवाय दर वेळी बरोबर पडणाऱ्यालाच मत कसं जाईल?"

सोल्वायनं आस्गरकडे पाहिलं, दुकानदारीण बाईकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. जो तो आपल्या कपात बघून मिशीत हसत होता. ज्यांना मिशा नव्हत्या तेही.

"काकू," प्रेबेन दबक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे तुम्ही सगळे ठरवून...?"

"ठरवून नाही तर काय! जिंकलेल्याला सगळा देश सोयरा. तो कशाला आमची आठवण काढतोय? पण पडलेल्याला अख्ख्या डेन्मार्कात आम्हीच जवळचे. मग तो आमच्यासाठी जीव तोडून भांडतो. तू भांडलास, ही भांडली. दोघांनीही आपापल्या वेळेला बोट वाचवली. खुर्चीत बसून मात्र एकानंही वाचवली नाही."

प्रेबेनचं तोंड एवढंसं झालं. उद्याचा निकाल त्याला आजच कळला होता.

थ्यूराकाकूंनी किटली खाली ठेवली. लेकीजवळ गेल्या, खिशातल्या रुमालानं तिचे डोळे पुसले.

"वेडाबाई, तू जिंकणारच आहेस. पण जिंकल्यावर आईकडे यायला बोट लागेल ना तुला? ती वाचवायला कुणीतरी पडलेला नको का?"